मुळं ३० सेंटिमीटरपर्यंतच

पहार हातभर खाली गेली आणि अडकली. जोर लावून वर ओढली, तर टोकाला निळ्या कॅरीबॅगची चिंधी लटकत होती. तिच्यावर कुठल्याशा साडीच्या दुकानाचं नाव होतं आणि ते अजून वाचता येत होतं. खड्ड्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला. शेजारच्या खड्ड्यावरचा मित्र म्हणाला, "अगं, गॅस आहे तो. चालतंय. रोप ठेव आणि माती लोट."

मी रोप ठेवलं, माती लोटली आणि फोटो काढला.

जुलैतला रविवार होता. आमच्या गावाबाहेरचा जुना कचरा डेपो बंद होऊन चार वर्षं झाली होती. ढीग सपाट करून त्यावर बांधकामाचा राडारोडा आणि वर दीडेक फूट मुरूम पसरला होता. तिथे झाडं लावायची ठरली आणि आम्ही कॉलेजातले जुने मित्रमैत्रिणी कुदळी-पहारी घेऊन गेलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, 'बरं, ते तिकडचं.' तुमच्या शहराच्या वेशीवरही अशी एखादी टेकडी असेल. नसेल, तर तुमचा कचरा कुठे जातो ते एकदा विचारून बघा.

आम्ही साठ रोपं लावली. वड, कडुनिंब, करंज, कांचन, बहावा. बहुतेक कमरेएवढी उंच, कारण फोटोत झाड झाडासारखं दिसायला हवं. दिवाळीला परत गेले तेव्हा मोजली. चौदा जिवंत होती.

पाऊस चांगला झाला होता. गुरं आत येत नव्हती. मग मेली कशानं? एक वाळलेलं रोप उपटून पाहिलं. मुळं काळी पडली होती आणि खाली गेलीच नव्हती. काही तर वळून वरच्या दिशेनं, जमिनीच्या अगदी सालीखालून पसरली होती, पाण्यात बुडणारा माणूस नाक वर काढतो तशी.

मी वनस्पतिशास्त्र शिकले आहे. जुलैत पहारीच्या टोकाला वास आला तेव्हाच हे मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंही होतं. पण फोटो काढायचा होता.

*

आपण झाडाला पाणी आणि ऊन देतो आणि हवा विसरतो. पानांना हवा मिळतेच, पण मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. चांगल्या मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते, तिच्यातला ऑक्सिजन मुळं घेतात. कचऱ्यावरच्या मातीत ही हवा दोन बाजूंनी संपते.

खाली गाडलेला ओला कचरा हवेशिवाय कुजतो. त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, साधारण निम्मे-निम्मे, बहुधा मिथेन थोडा जास्त. हे वायू वर येताना मातीतली हवा ढकलून देतात. शिवाय वरच्या थरात मिथेनवर जगणारे जिवाणू असतात. ते फार उपयोगाचे आहेत, कारण मिथेन हवेत जाण्याआधीच त्यातला काही ते संपवतात. पण मिथेनच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे दोन रेणू खर्च होतात. म्हणजे मुळांच्या ताटातलंच जातं. गंमत अशी की मिथेनला स्वतःचा वास नसतो. मला आलेला वास गंधकाच्या वायूचा होता. नुसता मिथेन असता तर मला काहीच कळलं नसतं आणि रोप तरीही मेलं असतं.

बाकीच्या अडचणी साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. बुलडोझरनं दाबलेला मुरूम विटेसारखा घट्ट होतो. त्यात खणलेला खड्डा पावसाळ्यात घंगाळासारखा भरतो, पाणी मुरत नाही. उन्हाळ्यात उलटं. साध्या जमिनीत खालून थोडी तरी ओल वर येते. इथे खाली पाणी धरणारी जमीनच नाही, प्लॅस्टिक आणि काच आहे, त्यामुळे वरचा थर तव्यासारखा तापतो. मुरमात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, नत्र नसतं. कचऱ्यातून झिरपणाऱ्या काळ्या पाण्यातले क्षार जिथे वर येतात तिथे गवतही पिवळं पडतं. आणि खालचा कचरा कुजत कुजत खचतो, तोही सगळीकडे सारखा नाही. कुठे तडा जातो, कुठे डबकं होतं.

अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या रटगर्स विद्यापीठाच्या लोकांनी १९७० आणि ८० च्या दशकांत बंद कचराभूमींवर मुद्दाम झाडं लावून हा अभ्यास केला. त्यांना दिसलं की जी झाडं तगली त्यांची मुळं वरच्या थरातच पसरली होती, आणि मोठी वाढवून आणून लावलेल्या झाडांपेक्षा लहान रोपं जास्त टिकली. मोठं झाड खोल मुळं घेऊन येतं आणि थेट वायूत उतरतं. लहान रोपाला जागा कशी आहे ते बघून मुळं कुठे पसरायची हे ठरवायला सवड मिळते. आम्ही फोटोसाठी नेमकी उलटी निवड केली होती.

*

मग मी नियम वाचले. भारताचे घनकचऱ्याचे २००० सालचे नियम आणि त्यानंतरचे २०१६ सालचे नियम. कचराभूमी बंद करताना वर काय घालायचं ते त्यांत लिहिलं आहे. आधी ६० सेंटिमीटर चिकणमातीचा थर, पाणी खाली जाऊ नये म्हणून. त्यावर १५ सेंटिमीटर निचऱ्याचा थर. त्यावर ४५ सेंटिमीटर माती, झाडोऱ्यासाठी. आमच्या टेकडीवर यातलं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

पण मी थांबले ते झाडोऱ्याच्या कलमांपाशी. झाडं कशी निवडावीत? स्थानिक हवामानाला रुळलेली. बहुवर्षायू. दुष्काळ आणि टोकाचं तापमान सोसणारी. कमी पोषणाच्या मातीत, वरून फारसं काही न घालता तग धरणारी. खाण्याच्या उपयोगाची नसलेली. आणि मुळं ३० सेंटिमीटरपेक्षा खोल न जाणारी.

तांत्रिकदृष्ट्या यात काही चूक नाही. खोल मुळांनी चिकणमातीला भोक पडलं तर पावसाचं पाणी कचऱ्यात उतरेल आणि विषारी होऊन भूजलात जाईल, ही भीती आहे. फळ-भाजी लावली तर जड धातू कुणाच्या तरी पोटात जातील. सगळं बरोबर. तरी ती यादी वाचताना मला झाडं दिसेनात. काटक हवं, मागणं कमी हवं, दिसायला हिरवं हवं, पण मूळ धरायचं नाही. वर राहायचं, आम्ही ठरवू तेवढंच. अशी अट आपण अजून कुणाला घालतो?

त्या टेकडीच्या फाटकाशी एक पत्र्याची खोली आहे. तिथे एक मावशी राहतात. डेपो चालू होता तेव्हा वीसेक वर्षं त्या तिथे भंगार वेचायच्या. गावाचं प्लॅस्टिक, पत्रा, काच वेगळं काढण्याचं काम त्यांच्यासारख्यांनीच केलं, नाहीतर ती टेकडी आज कितीतरी उंच असती. डेपो बंद झाला तसं काम गेलं, खोली राहिली. आमची रोपं लावून झाल्यावर आम्ही गाड्यांना किक मारली. त्यांनी मात्र ऑगस्टच्या उघडिपीत आमच्या झाडांना कळशीनं पाणी घातलं. चौदा जगली त्यात त्या कळशीचा वाटा असणार. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते.

दिवाळीत मी मेलेली रोपं मोजत होते तेव्हा त्या आल्या. हातात तांदुळज्याची जुडी. टेकडीच्या उतारावर आपोआप आलेला, पानं रसरशीत. म्हणाल्या, "घ्या ताई, घरी न्या. लसणीवर परता, लई गोड लागतो."

मी घेतली. "कशाला मावशी," म्हटलं, हसले, पिशवीत ठेवली.

घरी आले आणि जुडी तशीच ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. तांदुळजा मातीतलं कॅडमियम पानांत ओढून घेऊ शकतो, हे मला ठाऊक होतं. पानं धुतली तर वरची धूळ जाते, आत गेलेलं जात नाही. त्या जुडीत नेमकं काय होतं ते कुणी तपासलं नव्हतं. पण माझ्या मुलीच्या ताटात तो धोका नको, हे ठरवायला मला एक क्षण लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडी आली, जुडी नव्या डेपोकडे गेली. आणि मग मला कळलं की मी काय केलं. मी स्वतःला वाचवलं होतं. मावशींना नाही.

*

या प्रसंगानंतर मी बंद कचराभूमींबद्दल जे वाचलं ते एकाच प्रश्नासाठी: एखादी जागा आपण बिघडवली, मग तिच्यावर हिरवळ उगवली, तर आपलं देणं फिटतं का?

ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यांनी १९८२ साली या प्रश्नाच्या जवळ जाणारा एक निबंध लिहिला. खाणवाले म्हणतात, आधी खणू द्या, मग जमीन होती तशी करून देतो. एलियट म्हणतात, अगदी हुबेहूब करून दिली तरी ती होती ती नव्हे. थोर चित्रकाराच्या चित्राची नक्कल कितीही अचूक असली तरी आपण तिला मूळ चित्राची किंमत देत नाही, कारण वस्तू कशी घडली हाही तिच्या मोलाचा भाग असतो.

मला हे अर्धं पटतं. कचऱ्याच्या टेकडीबाबत 'मूळ' काय होतं हा वाद कुणी घालत नाही. तिथे पूर्वी खाजण असेल, गायरान असेल, ते परत येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आणि नक्कल म्हणजे दर वेळी फसवणूकही नव्हे. चित्राखाली 'ही नक्कल आहे' असं लिहिलं तर कुणी फसत नाही. ते लिहिलं नाही की फसवणूक सुरू होते.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, पांघरूण. आई झोपलेल्या लेकरावर पांघरूण घालते. आणि त्यानं चोरी केली तर त्या चोरीवरही पांघरूण घालते. कापड तेच, हातही तेच. फरक एवढाच की पहिल्यात आई रात्री दोनदा उठून पांघरूण सरकलं का ते बघते. दुसऱ्यात पुन्हा तिकडे बघायचं नसतं, म्हणून तर घातलेलं असतं.

कचऱ्यावर माती घालावी की नाही हा प्रश्नच नाही, घालायलाच हवी. मुंबईत गोराईच्या खाडीकाठी १९७२ पासून कचरा पडत होता. सुमारे २० हेक्टर जागेवर सरासरी २६ मीटर उंच ढीग झाला. २००७ च्या अखेरीस तिथे कचरा टाकणं थांबलं. नंतर उतार बसवून ढीग झाकला, वायू गोळा करायची सोय केली, वर गवत आलं. उघडा, धुमसणारा ढीग आणि झाकलेला ढीग यांत दुसराच बरा, यात शंका नाही. प्रश्न झाकल्यानंतरचा आहे. २०१६ च्या नियमांत लिहिलं होतं की बंद केल्यावर किमान १५ वर्षं जागेची देखभाल करायची: थर खचला का, पाणी कुठे झिरपतंय, वायू किती निघतोय. अमेरिकेत ही मुदत साधारण ३० वर्षांची असते. म्हणजे कायद्यालाही ठाऊक आहे की हिरवळ ही पावती नाही. ती फार तर पहिला हप्ता आहे.

आणि हिरवळ साक्षही देते, बघणारा असेल तर. गवताच्या मधोमध गोल टक्कल दिसलं तर खालून वायू फुटतोय. उताराच्या पायथ्याशी पट्टाभर गवत करपलं तर काळं पाणी बाहेर येतंय. आमची शेहेचाळीस मेलेली रोपं खालची खरी हकीकत सांगत होती. आम्ही मात्र पुढच्या वर्षी नवी आणून तेच खड्डे भरायच्या बेतात होतो. ग्रुपवर तसा मेसेजही पडला होता: 'मेलेली काढून टाकू, फोटोत वाईट दिसतात.'

त्या मेसेजवर मी अंगठा दिला होता, हेही लिहायला हवं.

*

मावशींना सांगायला मी तीन आठवडे लावले. मनात एक युक्तिवाद चालू होता आणि तो अगदी फालतू नव्हता. त्या तिथे वीस वर्षं राहिल्या, आता भाजीनं असं काय होणार? दोन-तीन महिने त्यांचा भाजीचा खर्च वाचतो. मी जाऊन 'खाऊ नका' म्हणणार आणि निघून येणार. ज्याच्याकडे दुसरं काही नाही त्याच्या ताटातली भाजी काढून घेणं सोपं असतं, आणि ते करणाऱ्याला आपण फार चांगलं काम केल्यासारखंही वाटतं. शिवाय धोका नक्की किती, ते मलाच माहीत नव्हतं.

पण हा युक्तिवाद मी माझ्या घरात केला नव्हता. तिथे 'नक्की माहीत नाही' याचा अर्थ 'टाकून द्या' असा झाला होता. मावशींच्या बाबतीत त्याच वाक्याचा अर्थ 'गप्प बसा' असा होत होता. एकच अज्ञान, दोन घरांसाठी दोन अर्थ. हे एकदा दिसलं आणि पुढचे बहाणे सुचेनात.

गेले. भाजीचं सांगितलं. मातीत काय असू शकतं, पानांत कसं येतं, धुऊन का जात नाही, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग त्या दिवशी घेतली कशाला?"

मी म्हटलं, "घेतली आणि टाकली, मावशी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तेव्हा बोलले नाही."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "टाकली तर टाकली. पण तुम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं म्हणा की. चार वर्षं मी खाते, कुणी बोललं नाही."

याला उत्तर नव्हतं. मी दिलंही नाही.

पुढच्या खेपेला भावाच्या शेतातली माती आणि शेणखत घालून आठ पोती भरून नेली. त्यांच्या खोलीच्या दाराशी, टेकडीच्या बाहेर ठेवली. आता त्यांत तांदुळजा, मेथी, दोन वांगी आहेत. हे सांगून मला माझी पाठ थोपटायची नाही. आठ पोती म्हणजे वीस वर्षांची भरपाई नव्हे. पण 'ती माती खराब आहे' असं सांगायचं, तर चांगली माती कुठे आहे तेही आपणच दाखवायला हवं, एवढं मला कळलं.

*

या जुलैत पुन्हा गेलो, आठच जण. मोठी झाडं नेली नाहीत. मारवेल गवताचे ठोंब लावले आणि स्टायलोचं बी टाकलं. स्टायलो शेंगवर्गीय आहे, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधतात, म्हणजे गरीब मातीत तो स्वतःची सोय स्वतः करतो. मुरमात खड्डे खणण्याऐवजी वर माती आणि कंपोस्टचे उंचवटे केले, म्हणजे पाणी साचणार नाही आणि मुळांना थोडी हवा मिळेल. त्यांवर करंजाची वीतभर रोपं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही. वर्गणीतून मावशींना पाण्याचे महिन्याला पैसे देतो. आणि फाटकावर पाटी लावली: 'या टेकडीखाली आपल्या गावाचा कचरा आहे. इथलं काही खाऊ नये. गुरं चारू नयेत.' 'आपल्या' या शब्दावर थोडी चर्चा झाली. तो ठेवला.

न्यूयॉर्कमध्ये फ्रेश किल्स नावाची प्रचंड कचराभूमी आहे, १९४८ ते २००१ चाललेली, आता टप्प्याटप्प्यानं बाग होत असलेली. तिथल्या एका बंद भागावर संशोधकांनी झाडांचे छोटे पुंजके लावले होते. थोड्याच काळात न लावलेल्या कितीतरी जातींची रोपं उगवली. झाडांवर बसायला पक्षी आले आणि बी टाकून गेले. मी हे वाचलं तेव्हा छान वाटलं होतं, इतकंच.

परवा आमच्या जगलेल्या करंजांपैकी एकाखाली पिंपळाचं रोप दिसलं, चार पानांचं. कुणी लावलेलं नाही, कुठल्यातरी पाखराची कृपा. मावशींनी विचारलं, "उपटायचं का, ताई? याची मुळं लई खोल जातात."

नियमाप्रमाणे उपटायला हवं. पिंपळ ३० सेंटिमीटर मानणाऱ्यांतला नाही. पण आमच्या टेकडीवर राखायला चिकणमातीचा थरच नाही, आणि जिथे हवा नाही तिथे मूळ बहुतेक जातच नाही, हे आमच्या मेलेल्या रोपांनी शिकवलं होतं. तरी, उद्या हा मोठा झाला आणि खचलेल्या जमिनीवर आडवा झाला तर? मला खात्रीनं काही सांगता येईना, आणि या वेळी मी तसं सांगितलं.

"आत्ता राहू द्या," म्हटलं. "पण लक्ष ठेवावं लागेल. बरीच वर्षं."

मावशी खाली वाकून त्याच्याभोवतीचं गाजरगवत उपटत म्हणाल्या, "मी हितंच असते. तुम्ही येत जावा."